गुणा, नारायणराव आणि गौरी

गणेशोत्सवात दापोडीतल्या एखाद्या मांडवात रात्री डोकावलं, तर नऊवारी नेसलेला एखादा पोरगा लावणीला उभा राहिलेला दिसू शकतो. सकाळी भोसरी एमआयडीसीत पहिल्या पाळीला मशीनवर असतो, मिशी खास या रात्रीसाठी काढलेली असते. समोर शिट्ट्या, वन्स मोअर, मंडळाच्या अध्यक्षाकडून पाचशेची नोट. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मात्र आवाज खाली आणून विचारलं जातं, "काय रे, तो तसला तर नाही ना?"

हाच विचारणारा संध्याकाळी दापोडी स्टेशनवर लोणावळा लोकल पकडतो. डब्यात साडी नेसलेली, टाळी वाजवत पैसे मागणारी कुणी समोर आली की हा शेजाऱ्याला कोपर मारून सांगतो, "सोंग आहे सगळं. गडी आहे धडधाकट, साडी गुंडाळून फिरतो."

पहिल्या वेळी साडीवरून त्यानं एका पुरुषाच्या पुरुषपणावर शंका घेतली. दुसऱ्या वेळी साडीच्या आत पुरुषच असणार म्हणून एका बाईचं बाईपण नाकारलं. निकाल उलटसुलट लागले, पण दोन्ही वेळा त्यानं तपासली फक्त साडी. बाईचे कपडे घालणारा पुरुष पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असतोच का, या प्रश्नाचं छोटं उत्तर 'नाही' असं आहे. लांब उत्तर जास्त मजेदार आहे, आणि ते आपल्याच रंगभूमीत आणि सिनेमात तयार पडलेलं आहे.

दिग्दर्शक रवी जाधव यांच्या तीन कलाकृती शेजारी शेजारी ठेवून बघा. 2010 चा 'नटरंग', 2011 चा 'बालगंधर्व' आणि 2023 ची 'ताली' ही मालिका. तिन्हींत पुरुष म्हणून जन्माला आलेली, वाढवली गेलेली व्यक्ती साडी नेसते. तिघांच्या साडीचं कारण मात्र एकमेकांशी जुळत नाही.

आनंद यादवांच्या कादंबरीतून आलेला 'नटरंग'मधला गुणा कागलकर हा पहिलवानी अंगाचा शेतमजूर. त्याला तमाशाचा नाद. फड उभा राहतो, पण बायकी हावभाव करणारा नाच्या मिळत नाही. कुणीच तयार होत नाही म्हणून गुणा स्वतः उभा राहतो, कमावलेलं शरीर उतरवतो, चाल बदलतो, हात मुरडायला शिकतो. त्याला बाई व्हायचं नव्हतं, त्याला फड चालवायचा होता. पुढे गावगुंडीचं राजकारण त्याच्या अंगावर येतं आणि त्याच्यावर अत्याचार होतो. अत्याचार करणाऱ्यांच्या लेखी नाच्या म्हणजे पुरुष उरलेलाच नसतो. टपरीवरच्या कुजबुजीचं टोक ते हेच.

गोष्टीतल्या गुणाचं सोडा, खऱ्या आयुष्यात ही किंमत कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी मोजली. 'सवाल माझा ऐका', 'केला इशारा जाता जाता' यांसारख्या तमाशापटांत त्यांचा नाच्या इतका बेमालूम उतरला की दुसरं काही करायला त्यांना फारसं कुणी बोलावलंच नाही. घरी बायको होती, मुलंबाळं होती. तरी लोक पडद्याबाहेरही त्यांच्याकडे त्याच नजरेनं बघत राहिले. 2008 साली ते गेले. माझ्या मते मराठी सिनेमातला हा सर्वांत महागात पडलेला उत्तम अभिनय. खलनायकाला शिव्या पडल्या तर ती दाद धरतात, कारण तो घरी गेल्यावर खून करत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. नाच्याला मात्र घरी गेल्यावरही नाच्याच ठरवलं गेलं.

आता नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. इथे साडी नाइलाजाची नव्हती, कलेची होती, आणि तिला समाजाची संपूर्ण मान्यता होती. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हापासून मराठी नाटकातल्या बायका पुरुषांनीच रंगवल्या. 1882 च्या 'सौभद्र'मधली सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांची. 'भावबंधन'मधली लतिका मास्टर दीनानाथांची, म्हणजे लता-आशांच्या वडिलांची. 'प्रभात'चे 'संत तुकाराम' पडद्यावर आले 1936 साली, आणि तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस त्याआधी रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी ओळखले जात होते. देहूच्या वाटेवरच्या आपल्या टापूत ज्या चेहऱ्याला लोकांनी तुकोबा मानून हात जोडले, तो चेहरा आधी पदर सावरत होता. 1913 साली फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती अण्णा साळुंके नावाच्या, हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या तरुणानं केली. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले.

बालगंधर्व या परंपरेचं शिखर. त्यांच्या साड्या, अंबाडा, नथ बघून घरंदाज बायका तसं नेसू-घालू लागल्या. आणि ते नेसणारा माणूस संसारी होता. 1911 साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, तरी प्रयोग झाला. प्रेक्षकांनी त्या रात्री नायिका भामिनी पाहिली, तिच्या आत मुलीचा बाप उभा होता. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं, त्यात भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. केशवरावांनीही आधी स्त्रीभूमिका गाजवलेल्या होत्या. एकेकाळची नायिका त्या रात्री नायक होऊन दुसऱ्या नायिकेसमोर उभी होती आणि तिकीट काढून आलेल्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

बालगंधर्वांना आतून काय वाटत होतं यावर अधूनमधून पैजा लागतात. हळुवार बोलणं, समोरच्याला 'देवा' म्हणायची सवय, वय झाल्यावरही न सुटलेल्या स्त्रीभूमिका, हे सगळं पुरावा म्हणून पुढे केलं जातं. मला हा उद्योग पटत नाही. स्वतःबद्दल तसं काही न म्हटलेल्या माणसाला मरणानंतर साडीवरून लेबल लावायचं, म्हणजे टपरीवरचाच खेळ जरा सुशिक्षित भाषेत खेळायचा.

तिसरी गौरी सावंत. 'ताली' त्यांच्या आयुष्यावर बेतलेली आहे. पुण्यातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या घरात मुलगा म्हणून जन्म, आणि आपण मुलगी आहोत ही आतली खात्री लहानपणापासूनची. इथे साडी भूमिकेसाठी नाही, फडासाठी नाही. साडी नेसल्यामुळे गौरी बाई झाल्या नाहीत. त्या बाई होत्या, म्हणून त्यांना साडी हवी होती. घर सुटलं, मुंबई गाठली, पुढे 'सखी चार चौघी' संस्थेचं काम उभं राहिलं आणि पारलिंगी हक्कांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या लढाईत त्या सामील झाल्या. त्यांची साडी कपाटात ठेवून त्यांना पँट-शर्ट दिला असता, तरी गौरी गौरीच राहिल्या असत्या. गुणाच्या अंगावरची साडी उतरवली की खाली गुणाच होता.

चौथी साडी देवाच्या नावाची. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेला जोगता. घरात जट निघाली, नवस बोलला गेला, अंगात आलं, आणि पोरगा देवीचा झाला: हातात परडी, गळ्यात कवड्यांची माळ, अंगावर लुगडं. राजन गवसांच्या कादंबऱ्यांतून आणि राजीव पाटलांच्या 'जोगवा' (2009) मधून हे जग शहरी वाचक-प्रेक्षकांपर्यंत पोचलं. 'जोगवा'तला तायप्पा साडीत घुसमटतो, कारण तो आतून पुरुष आहे. उपेंद्र लिमयेंना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण प्रत्येक जोगता तायप्पा नसतो. काहींना त्या लुगड्यात पहिल्यांदा मोकळा श्वास मिळतो, कारण गावात दुसऱ्या कुठल्याही दाराने बाई म्हणून बाहेर पडायची सोयच नसते. एकाच देवळाच्या पायरीवर, एकाच रंगाच्या लुगड्यात, एकाची कैद आणि दुसरीची सुटका शेजारी शेजारी बसलेली असते.

गुंता इथेच आहे, आणि अभ्यासक त्याचे धागे वेगळे करून बघतात. शरीराची ठेवण एक धागा. आपण पुरुष की स्त्री, की दोन्हींत न बसणारे, ही मनातली पक्की जाणीव, म्हणजे लिंगभावाची ओळख, हा दुसरा. कपडे, केस, चाल, बोलणं यांतून आपण बाहेर काय दाखवतो तो तिसरा. आणि आपल्याला आकर्षण कुणाचं वाटतं तो चौथा. कपडे तिसऱ्यात मोडतात. पारलिंगी असणं दुसऱ्यात. आपली गल्लत होते ती तिसऱ्यावरून दुसऱ्याचा आणि लगेच चौथ्याचाही अंदाज बांधताना, म्हणून लावणी करणारा पोरगा एका रात्रीत 'तसला' आणि 'गे' दोन्ही ठरतो. पुण्यात समपथिक ट्रस्ट स्थापन करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी हे फरक साध्या मराठीत समजावून देणारी पुस्तकं बरीच आधी लिहून ठेवलेली आहेत.

रंगमंच, पोट आणि देव यांच्या पलीकडे आणखी एक मोठा गट आहे, ज्याच्याबद्दल जवळजवळ कुणीच बोलत नाही. घरी, दार लावून, बायकोची किंवा स्वतः गुपचूप आणलेली साडी नेसणारे पुरुष. नोकरी करणारे, लग्न झालेले, बायकांचंच आकर्षण असलेले. तासाभरानं साडी घडी करून ठेवतात आणि पुन्हा कुणाचे तरी 'पप्पा' होतात, त्यात त्यांना काही खुपत नाही. काहींना त्यातून शांत वाटतं, काहींना उत्तेजना मिळते, काहींना निव्वळ कापडाचा स्पर्श आवडतो. यांतल्या बहुतेकांना बाई व्हायचं नसतं. काही जणींना मात्र या बंद दाराआडच उमगतं की खरी गोष्ट दाराच्या आतली होती आणि बाहेरचा पँट-शर्ट हेच सोंग होतं. म्हणून साडी नेसणं ही पारलिंगी होण्याची पहिली पायरी आहे असं म्हणता येत नाही, आणि तिथून कुणी कधीच पुढे जात नाही असंही म्हणता येत नाही.

वैद्यकशास्त्राला हे नीट लावायला शतक लागलं. 1910 साली बर्लिनचे डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी दुसऱ्या लिंगाचे कपडे घालणाऱ्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. आजच्या भाषेत ज्यांना आपण पारलिंगी म्हणू तेही त्यात होते आणि नुसते कपड्यांपुरते होते तेही. तरी समलिंगी आकर्षण आणि हे कपडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यांनी ठासून मांडलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या यादीत थोड्या वेळापुरते कपडे बदलणं वेगळ्या खणात आणि लिंग बदलण्याची कायमची ओढ वेगळ्या खणात टाकली गेली. म्हणजे दोन्हींना विकार मानण्याच्या काळातही डॉक्टरांनी त्यांना एक मानलं नव्हतं. 2019 साली मंजूर झालेल्या अकराव्या यादीतून कपड्यांचा तो खण काढूनच टाकला. लिंगभावाची विसंगती मानसिक विकारांतून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली, आणि नुसत्या वेगळ्या वागण्यावरून किंवा आवडीनिवडीवरून हे निदान करता येणार नाही, असंही तिथे नमूद केलं. निदानासाठी लागते ती ठळक आणि टिकून राहणारी विसंगती: नेमून दिलेलं लिंग एक आणि स्वतःला जाणवणारं दुसरं.

कायद्याची वाट जास्त वाकडी. 1871 च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टचा एक भाग खास हिजड्यांसाठी होता. त्यांची नोंद ठेवायची, आणि नोंद झालेली व्यक्ती रस्त्यावर बाईच्या वेषात किंवा दागिन्यांत दिसली, नाचली-गायली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. कायदा आधी उत्तरेकडच्या प्रांतांत लागू झाला. त्यानंतर दहा-अकरा वर्षांतच इकडे पुण्या-मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळींची शकुंतला आणि सुभद्रा, दोघीही पुरुष, राजेरजवाड्यांच्या टाळ्या घेत होत्या. एकाच सरकारच्या राज्यात एका पुरुषाची साडी कला होती आणि दुसरीकडे साडी गुन्हा. फरक कापडाचा नव्हता. रंगमंचावरची साडी प्रयोग संपला की उतरणार याची सगळ्यांना खात्री होती, रस्त्यावरची उतरणार नव्हती.

15 एप्रिल 2014 च्या, पारलिंगी हक्कांवरच्या नाल्सा निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख ठरवताना शरीराच्या तपासणीपेक्षा मनाची जाणीव महत्त्वाची मानली. त्या निकालात न्यायमूर्ती सिक्री एक बारीक नोंद करतात. ट्रान्सजेंडर हा शब्द मोठ्या छत्रीसारखा वापरला जातो आणि त्या व्यापक अर्थात क्रॉसड्रेसर, समलिंगी असे सगळे येतात, पण समोरच्या प्रकरणात आपण त्या व्यापक अर्थाचा विचार करत नाही, असं ते स्पष्ट करतात. म्हणजे 'क्रॉसड्रेसर ट्रान्सजेंडरच असतात' असं कुठे वाचलंत तर ते निव्वळ थाप नव्हे, चळवळीतला तो जुना, सैल वापर आहे. हक्क द्यायची वेळ आली तेव्हा न्यायालयाला तो बाजूला ठेवावा लागला. 2019 साली संसदेने केलेल्या कायद्याच्या व्याख्येत पारलिंगी स्त्री-पुरुष, आंतरलिंगी, जेंडरक्वीअर यांच्याबरोबर किन्नर, हिजडा, अरवाणी आणि जोगता यांची नावं आली. शस्त्रक्रिया झाली आहे की नाही याने फरक पडत नाही असंही त्यात लिहिलं गेलं. कुणी कुठले कपडे घालतं, याचा त्या व्याख्येत उल्लेखसुद्धा नव्हता.

आता उलटी बाजू. चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर पाळी सुटताना उभे राहा. पँट, शर्ट, सेफ्टी शूज घातलेल्या मुली घोळक्यानं बाहेर पडतात. यातली एकही 'तसली' आहे का, असं कुणी विचारत नाही. पन्नास वर्षांपूर्वी कदाचित विचारलं असतं. पुरुषाचे कपडे बाईनं घातले की ते सोयीचे, बाईचे कपडे पुरुषानं घातले की ते संशयाचे, याचं कारण सरळ आहे: आपल्या डोक्यात पुरुषाचे कपडे वरच्या पायरीचे आणि बाईचे खालच्या. वर चढणाऱ्याचं कौतुक होतं, खाली उतरणाऱ्याला काहीतरी झालेलं असणार असं वाटतं. या घोळक्यात एखादा पारलिंगी पुरुष असेल तर तो मात्र कुणाच्याच लक्षात येत नाही. त्याला दररोज 'ताई' अशी हाक येते आणि तो ती गिळतो. त्याचे कपडे चारचौघींसारखेच आहेत, त्यामुळे साडीची तपासणी इथे पुरती नापास.

पिंपरी-चिंचवड महापालिकेनं 2022 मध्ये पारलिंगी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं. त्यांतल्या स्त्रिया ड्युटीवर गणवेशात, घरी साडीत. आठ तास गणवेश चढवला म्हणून त्यांच्या बाईपणात काही उणं येत नाही.

मग ओळखायचं कशावरून? लोकलच्या डब्यातून तर अजिबात नाही. मांडवातल्या त्या पोराकडे जवळून बघितलं तरी नाही. दाढी दोनदा घोटून तो वर नारिंगी रंगाचा हात देतो, म्हणजे दाढीचा निळसर डाग दबतो. मग पॅनकेक. ब्लाउजमध्ये स्पंज, काष्टा मागे ओढून घट्ट खोचलेला, वर कंबरपट्टा, आणि पायात चाळ बांधताना वाकायला मित्र लागतो. हे सगळं गुणाही असंच करील आणि गौरीही असंच करील. फरक पडतो तो नंतर. एक जण खोबरेल तेलानं रंग पुसतो, आरशात स्वतःकडे बघून हसतो आणि वडापाव खायला पळतो. दुसरीला तेलाची बाटली उघडावीशीच वाटत नाही, कारण वर्षभरात खरा चेहरा तेवढा एकदाच दिसलेला असतो. तुम्हा-आम्हाला खुर्चीवरून दिसते ती लावणी. बाकीचं त्या व्यक्तीनं सांगितलं तरच कळतं, आणि तिनं ते आपल्याला सांगायलाच हवं असंही काही नाही.

घरच्यांचं जरा वेगळं. कपाटात ब्लाउज सापडला की आईच्या पोटात गोळा येतो, वडील आवाज चढवतात, आणि तिसऱ्या दिवशी मामा स्थळ घेऊन हजर. 'लग्न लावून द्या, सुटेल.' पोरगा हौशी कलाकार असेल तर सुटण्यासारखं काही नसतंच. एकांतात साडी नेसणारा असेल तर लग्नानंतर ती सवय फक्त जास्त खोल लपवली जाते. आणि पोरगा म्हणून वाढवलेली ती मुलगी असेल, तर लग्नानं ती मुलगा होत नाही. तिन्ही शक्यतांत घाई निरुपयोगी. त्यापेक्षा घरात एकदा बसून शांतपणे विचारावं: हे घातल्यावर तुला काय वाटतं, आणि काढल्यावर काय वाटतं? उत्तर लगेच येणार नाही, कदाचित पहिल्यांदा खोटंही येईल. लिंगभावाच्या प्रश्नांवर काम करणारा समुपदेशक गाठावा, आणि 'बरा करतो' म्हणणाऱ्या डॉक्टरच्या, बाबाच्या दारात जाऊ नये. मामानं आणलेल्या स्थळाच्या फोटोत एक मुलगी असते. तिचे आईबापही कुठेतरी पत्रिका घेऊन बसलेले असतात, आणि या कपाटातलं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.